पोरांना गेटाबाहेर न्या, आणि आईबापांना बरोबर घ्या

गेल्या दसऱ्याच्या आधी इथं बेळगावात लेकीच्या नर्सरीत गेलो आणि टीचरना म्हटलं, पोरांना एक दिवस रताळ्याच्या शेतावर नेऊया, बेळगुंदीला माझ्या मामाचं शेत आहे, काढणी सुरू व्हायलीय, टेम्पोचं मी बघतो आणि चार-पाच पालक बरोबर येतील म्हंजे तुमच्यावर लोड नको. टीचरना ते आवडलं हे मला दिसलं, त्यांच्या माहेरीपण शेती आहे, रताळ्याचा वेल कसा लावतात ते त्यांनीच मला उभ्या उभ्या सांगितलं. पण दोन दिवसांनी गेटावरच निरोप मिळाला, मॅनेजमेंट नको म्हणतंय, छोट्या पोरांचं आउटिंग बंद केलंय, आणि पालकांना गॅदरिंग सोडलं तर आत घ्यायचंच नाही असं ठरलंय. "काय झालं तर रिस्क कोण घेणार सर?" त्या म्हणाल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, पगार किती आणि जबाबदारी किती ते मला माहीत आहे. मग ओळखीतल्या अजून तीन ठिकाणी विचारलं, शहापुरात, टिळकवाडीत, अनगोळात. शब्द वेगवेगळे, उत्तर तेच.

माझं म्हणणं असं आहे की तीन ते सहा वर्षांच्या पोरांना आठवड्यातून एकदा तरी गेटाबाहेर चालत न्यायला पाहिजे, आणि नेताना आईबापांना कामाला म्हणून बरोबर घ्यायला पाहिजे. नुसते डबे आणि फोटो घेऊन येणारे पाहुणे म्हणून नको. आणि "रिस्क कोण घेणार" हा प्रश्न विचारून विषय बंद करण्याऐवजी त्याचं उत्तर शोधायला पाहिजे, कारण त्याला उत्तर आहे, मी ते एका ठिकाणी चालताना बघितलंय.

बेळगावात परत येण्याआधी साडेतीन वर्षं आम्ही टोकियोत होतो, एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईला. तिथं भारतीय कुटुंबं खूप आहेत, बहुतेक आयटीतली, माझ्यासारखे मशीनच्या डिझाइनमधले थोडे. बायकोलाही काम मिळालं म्हणून लेकीला होइकुएनमध्ये घातलं, म्हंजे नोकरदार आईबापांच्या पोरांसाठीचं दिवसभराचं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मी बघत होतो ती म्हंजे ही पोरं रोज बाहेर असायची. सकाळी साडेनऊ-दहाला रस्त्यावर उभं राहिलात तर दिसतात, डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या, दोघं दोघं हात धरून, अगदी लहान असली तर चाकाच्या मोठ्या गाडीत उभी, आणि पुढं एक टीचर मागं एक टीचर. बागेत जातात, कालव्याच्या कडेनं जातात, कुठं खोदकाम चाललं असेल तर जेसीबी बघायला थांबतात. तिथं जवळच वॉर्डाचं एक छोटं प्राणिसंग्रहालय आहे, तिकीट नाही, शेळ्या आणि गिनीपिगना हात लावता येतो. लेकीनं आयुष्यातली पहिली शेळी हातानं चाचपली ती टोकियोत, हे माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. आमच्या घरामागं शेळ्या होत्या की.

मग एका शरदात, लेक साडेतीन वर्षांची असताना, रताळी काढायला जायचं निघालं. तिथं ही फार नेहमीची सहल आहे, इमोहोरी म्हणतात, इमो म्हंजे कंद आणि होरी म्हंजे खणणं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कितीतरी बालवाड्या जातात. आधी एक घडीचा कागद आला. किती वाजता निघायचं, कुठली ट्रेन, काय आणायचं, पाऊस आला तर काय, कुणाला फोन करायचा, सगळं एका पानावर, आणि आम्हाला कांजी, म्हंजे जपानीतली चित्रलिपी, वाचता येत नाही म्हणून टीचरनी आमच्या कागदावर पेननं सोप्या अक्षरात आणि चित्रं काढून दिलेलं, बुटाचं चित्र, हातमोज्याचं चित्र, गळ्यात अडकवायच्या पाण्याच्या बाटलीचं चित्र. खाली एक ओळ होती, पाच पालक पाहिजेत. मी रजा टाकली.

मला वाटलं होतं की लेकीचा हात धरून फिरायचं. तसं नव्हतं. प्रत्येक पालकाला एक काम दिलं होतं आणि माझं काम होतं सगळ्यात शेवटी चालायचं, माझ्यामागं कुणी राहता कामा नये. लेक मधे कुठंतरी तिच्या जोडीदाराचा हात धरून चालली होती आणि मला टीचरनी स्पष्ट सांगितलं की तुमच्या मुलीकडं बघत राहू नका, रांगेकडं बघा. सुरवातीला ते जड गेलं. पण वीस मिनिटांत माझ्या लक्षात आलं की माझ्या पुढ्यातला जो पोरगा सारखा बूट काढत होता तो आता माझा झालाय, आणि माझी लेक कुणा दुसऱ्या बापाची झालीय, आणि हे असंच पाहिजे. मोजणी तर सारखी. गेटावर, स्टेशनावर, फलाटावर, डब्यात, डब्यातून उतरल्यावर, शेताच्या तोंडाशी, परत निघताना. एक टीचर मोजणार, दुसरी परत मोजणार, दोघींचा आकडा जुळला तरच पाऊल पुढं.

टोकियोशेजारच्या चिबाकडच्या त्या शेतात शेतकऱ्यानं आदल्या दिवशीच वेल कापून ठेवले होते, वीतभर देठ वर ठेवलेला, आणि दोन सऱ्या पोरांसाठी राखलेल्या. पोरं मातीत बसली आणि दहा मिनिटांनी अर्धी पोरं रताळं विसरून गांडुळाच्या मागं लागली, आणि कुणी त्यांना उठवलं नाही. लेकीनं एक रताळं दोन्ही हातांनी ओढलं, निघेना, मग शेजारची पोरगी तिला धरून ओढायला लागली, मग अजून एक. निघालं तेव्हा तिघी मागच्या मागं पडल्या. प्रत्येकाला दोन रताळी, पिशवीवर नाव. दुसऱ्याच्या पोराला आपल्या डब्यातलं काही द्यायचं नाही, ॲलर्जी असू शकते. दुसऱ्याच्या पोराचा फोटो नेटवर टाकायचा नाही. हे दोन नियम दोनदा वाचून दाखवले होते.

पुढच्या सुट्टीत बेळगावला आलो तेव्हा मामाला हे सगळं सांगितलं, आणि ट्रेनचं भाडं अधिक त्या शेतकऱ्याला द्यायचे पैसे मिळून डोकी किती पडले तेही सांगितलं. मामा तंबाखू मळता मळता थांबला. म्हणाला, "पैसे देऊन पोरांना रताळी काढायला नेत्यात? मग आमच्याकडं कोण कसं येत नाही?"

या प्रश्नामुळंच लिहायला बसलोय. बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग म्हंजे लाल माती आणि रताळं, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. पावसाळ्यात वेल लागतात, दसरा-दिवाळीच्या पुढं-मागं काढणी, मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या, तिथून ट्रक पार उत्तरेत जातात. शहरातल्या नर्सरीपासून हे शेत दहा-बारा किलोमीटर. आणि त्याच नर्सरीत मागच्या महिन्यात 'व्हेजिटेबल डे' झाला, पोरांनी पुठ्ठ्याची भाजी छातीला लावून दोन ओळी इंग्लिशमध्ये म्हटल्या. माझी लेक गाजर होती. मला त्या पुठ्ठ्याचा राग नाही, टीचरनी रात्री जागून कापला असणार. पण खरं रताळं जमिनीतून निघताना जो जोर लागतो, मातीचा जो वास येतो, हाताला जो चीक लागून काळा होतो आणि धुतला तरी जात नाही, ते पुठ्ठ्यात कुठनं आणायचं?

आणि शेतच पाहिजे असंही नाही. वडगाव-शहापूर-येळ्ळूरचं भाताचं शिवार, जिथला बासमती बेळगावचा म्हणून ओळखला जातो, ते तर कितीतरी बालवाड्यांपासून चालत जाण्यासारखं आहे. वडगाव-खासबागला गल्लीगल्लीत माग आहेत, तो आवाज, ते धागे बघायला एक तास पुरतो. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो आहे, कधीकाळी देवीची लस जिथं तयार व्हायची ती जागा, एवढी झाडं शहरात फार कमी ठिकाणी आहेत. खानापूरला कुंभार आहेत, मातीच्या कामासाठी ते गावच प्रसिद्ध. रेल्वे गेटावर उभं राहून मालगाडीचे डबे मोजणं ही तीन वर्षांच्या पोराच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे, मी स्वतः माझ्या आज्याच्या खांद्यावरून मोजलेत. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कुठल्याही गावात अशी चार ठिकाणं निघतील, कुणी बसून यादी केली तर.

आता भीतीचं बोलतो, कारण ती खोटी नाही. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये मुर्डेश्वरच्या समुद्रात कोलार जिल्ह्यातल्या निवासी शाळेच्या ४ मुली बुडाल्या. मुर्डेश्वर आम्हाला लांब नाही, इथल्या शाळांच्या सहली नेहमी जातात. अशी बातमी आली की मॅनेजमेंटच्या पोटात गोळा येणार आणि आईच्याही येणार. पण या दोन्ही ठिकाणी काय होतं ते बघा. पाणी होतं, आणि हरणीला तर बोटीत जागेपेक्षा जास्त माणसं आणि कितीतरी पोरांना लाइफ जॅकेट नव्हतं. आमच्याकडं 'सहल' या एका शब्दाखाली बसनं समुद्रावर जाणं आणि पलीकडच्या गल्लीतला कुंभार बघायला जाणं हे दोन्ही येतं, आणि पहिल्याची भीती दुसऱ्याला लावून दोन्हीवर कुलूप घातलं जातं. पायी जायची फेरी वेगळी ठेवली पाहिजे. तिला वेगळं नावच द्या, फेरी म्हणा, चक्कर म्हणा, काहीही म्हणा.

जपानातही असं घडलंय, आणि पायी फेरीतच घडलंय. ८ मे २०१९ ला ओत्सु शहरात दोन गाड्यांची टक्कर झाली आणि त्यातली एक गाडी सिग्नलला फुटपाथवर उभ्या असलेल्या बालवाडीच्या रांगेत घुसली. २ मुलं गेली. टीचरची काहीच चूक नव्हती, पोरं रस्त्यापासून आत उभी होती. मी तिथं पोचलो त्याच्या आधीची गोष्ट, पण पालकांच्या तोंडी अजून असायची. त्यानंतर देशभर बालवाड्यांनी आपापले फिरायचे रस्ते लिहून काढले, आणि बालवाडीवाले, रस्तेवाले आणि पोलीस यांनी मिळून ते तपासले, कुठं कठडा पाहिजे, कुठं पट्टा पाहिजे. त्याच वर्षी बालवाडीभोवती साधारण ५०० मीटरच्या आत 'किड्स झोन' आखायची पद्धत सुरू झाली, गाडीवाल्याला कळावं की इथं छोटी पोरं चालतात. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की पोरांचं चालणं बंद झालं नाही. दोन लेकरं गेल्यावर त्या आईबापांवर काय कोसळलं असेल याचा विचारही करवत नाही, आणि तरी तिथं दुरुस्ती झाली ती रस्त्याची. आम्ही असतो तर गेट बंद केलं असतं आणि रस्ता तसाच ठेवला असता, आणि मग तीच पोरं संध्याकाळी आईच्या स्कूटीवर पुढं उभी राहून त्याच रस्त्यानं गेली असती, हेल्मेट नाही काही नाही. रस्त्यावर पोर जातंच हो. फक्त शाळेच्या नावावर जात नाही एवढंच.

रस्त्याचं बोलायचं तर बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत आलं. फुटपाथ झाले, काही ठिकाणी चांगले झाले, मी नाही म्हणत नाही. आज त्यावर दुचाक्या लागतात, फरशी उचकटलेली, मधेच गटाराचं झाकण नाही. माझं मत असं की फुटपाथ झाला की नाही हे ठरवायला इंजिनिअरबरोबर एक बालवाडी पाठवावी. दोन पोरं हात धरून पाचशे मीटर चालली, मधे एकदाही रस्त्यावर उतरावं लागलं नाही, तर बिल पास करा. गल्लीतल्या पोरांना चालता आलं तर माझ्या आईलाही चालता येतं, काठी टेकत जाणाऱ्या सगळ्यांनाच येतं.

दुसरं उत्तर मला असं मिळतं की जपान श्रीमंत आहे, तिथं टीचर भरपूर असतील, आमच्याकडं तीस पोरांना एक बाई. मलाही तसंच वाटायचं. पण तिथला सरकारी नियम चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी ३० मुलांमागं १ टीचर असाच होता, १९४८ पासून तो २०२४ पर्यंत हलला नाही, आता कुठं २५ झालाय. म्हंजे तिथल्या बायांच्या हातातपण पोरं काही कमी नव्हती. जिथं हात कमी पडतात तिथं पालक बोलवायचे, एवढा साधा हिशोब. आमच्याकडं अंगणवाडीत एक ताई आणि एक मदतनीस, ताईला पोषण आहार बघायचा, वजनं घ्यायची, रजिस्टर भरायची, मोबाइलवर माहिती टाकायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं. तिनं एकटीनं वीस पोरं घेऊन बाहेर पडावं असं कुणी म्हणत असेल तर मीच त्याच्या विरोधात उभा राहीन. पण दोन आया, एक आजोबा आणि एक बाप बरोबर असले तर गोष्ट बदलते. आणि हे चौघंजण गल्लीत असतात, गेटाबाहेरच उभे असतात, पोर आत सोडलं की पाच-दहा मिनिटं तिथंच घुटमळत असतात. हात आहेत, आपण ते घेत नाही.

यावर मॅनेजमेंटचं म्हणणं असतं की पालक आत आले की ढवळाढवळ करतात, आपल्याच पोराला पुढं ढकलतात, टीचरच्या चुका काढतात, रील बनवतात. खरं आहे, मी असे पालक बघितलेत. गॅदरिंगला स्टेजसमोर मोबाइल धरून उभे राहिलेले आणि मागच्या आजीला काही दिसत नाही असं दर वर्षी होतं. पण मला तिकडं कागदावर काम लिहून दिलं होतं म्हणून मी नीट वागलो, नाहीतर मीपण लेकीच्या मागं मागं फोटो काढत फिरलो असतो. पालकांना काम द्या, नियम द्या, फोन पिशवीत ठेवायला सांगा, जो ऐकणार नाही त्याला पुढच्या वेळी बोलवू नका. लोक ऐकतात. यात्रेत पालखीच्या वेळी कुणी कुठं उभं राहायचं ते सगळ्या गल्लीला बरोबर कळतं, आमच्याकडं शिस्त नाही हे मला मान्यच नाही.

आणि रोजंदारीचं काय? मागावर बसणाऱ्या बाईनं एक दिवस सोडला तर त्या दिवसाची मजुरी गेली, निपाणीच्या विडी कामगार बाईचंही तेच, जेवढ्या वळल्या तेवढे पैसे. माझ्यासारख्याला रजा मिळते म्हणून मी हे बोलू शकतो हे मी विसरलेलो नाही. पालकांनी यायलाच पाहिजे असा नियम केला तर ज्यांना येता येत नाही त्यांची पोरं बाजूला पडतील, म्हणून सक्ती अजिबात नको. पाच माणसं लागतात, वीस नाही. आणि पालक म्हंजे आईबापच असंही कशाला, आजी-आजोबा आहेत, मावशी आहे, रिटायर झालेले शेजारचे काका आहेत. ज्या बाईला यायला जमत नाही तिच्या पोराचा हात दुसरी कुणीतरी धरेल, आणि संध्याकाळी तिला सांगेल की तुझ्या पोरानं आज काय काय केलं. एवढं ओळखीचं नातं गल्लीत अजून आहे आमच्याकडं.

बापांबद्दल एक बोलायचंय. आमच्याकडं नर्सरीच्या मीटिंगला आया येतात, बाप फीच्या रांगेत दिसतो किंवा गाडी चालू ठेवून बाहेर थांबतो. मीही असाच झालो असतो. त्या एका दिवसानं मला माझी लेक बाहेरच्या जगात कशी आहे ते कळलं. घरी ती आमच्या मांडीवरून उतरायची नाही आणि तिथं तिनं रडणाऱ्या दुसऱ्या पोरीला पाणी दिलं, स्वतःच्या बाटलीचं झाकण उघडता येत नव्हतं तर दातानं उघडून दिलं. मी ते बघितलं नसतं तर मला कुणी सांगितलंही नसतं. बापाला असा एक दिवस मिळायला पाहिजे, वर्षातून एक तरी.

तुम्ही म्हणाल हे सगळं परदेशी खूळ आहे. मग मी डहाणूजवळच्या बोर्डीचं नाव घेतो. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या पोरांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. पोरं गुरं घेऊन रानात जातात म्हटल्यावर त्यांच्या मागं कुरणावर गेले, ती कुरणशाळा. म्हंजे मराठीत गावाकडच्या बालवाडीचं काम वाढलंच असं उघड्यावर, आईबापांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या कामाच्या मधे. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी देशभर गेली. नावात अंगण राहिलं. आज आमच्या कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत आहेत आणि तिला अंगण नाही, तेव्हा बाहेर जाण्याची गरज तिथं सगळ्यात जास्त आहे. मला जपानचं कौतुक आहे, पण ताराबाईंना हे जपानकडून शिकायला लागलं नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगतो. नर्सरी नको म्हणाली म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्या गल्लीतली नऊ पोरं आणि सात मोठी माणसं मिळून मामाच्या शेतावर गेलो. कागद मी केला, मराठीत, आणि शेजारच्या अक्कांनी मागच्या बाजूला कन्नडमध्ये लिहून दिला, कारण नवांतल्या तीन पोरांच्या घरी कन्नड बोलतात. कामं वाटली. मोजायला दोघं. सगळं बरोबर झालं असं नाही. मुतारीचा विचार मी केलाच नव्हता, पोरींना घेऊन मामीला घरापर्यंत परत जावं लागलं. टेम्पोतनं उतरून शेतापर्यंतचा तीनशे मीटर रस्ता, कडेला चालायला जागा नाही, दोन डंपर असे गेले की सगळ्यांनी पोरांना झुडपात ओढलं, तो क्षण मला अजून आठवतो आणि पुढच्या वेळी आम्ही बांधावरनं जाणार आहोत. एकाच्या पायात काटा गेला.

पण शेतात पोचल्यावर मामानं पहिलं रताळं वर काढून धरलं आणि विचारलं हे काय, तर एक म्हणाला रताळं, एक म्हणाली गेणसु, उर्दूवाल्यांच्या पोरानं शकरकंद म्हटलं, आणि माझी लेक जोरात ओरडली सात्सुमाइमो. मामाला चारही शब्द म्हणून दाखवायला लावले पोरांनी. मोठी माणसं बांधावर बसली, आणि मला जाणवलं की अक्कांचा नवरा आणि मी सहा महिने एकाच गेटावर उभे राहतो, एकमेकांना मान हलवतो, पण कधी बोललेलो नाही. नर्सरीच्या ग्रुपवर नोटीस इंग्लिशमध्ये येते, मराठी आया मराठीतून विचारतात, कन्नड आया कन्नडमधून, दोघींचं एकमेकींना कळतं तरी बोलणं होत नाही. सीमाप्रश्न आमच्या घरात तीन पिढ्यांचा आहे, मी त्याबद्दल हलकं बोलणार नाही, आणि माझ्या लेकीनं मराठीत शिकावं हा माझा आग्रह आहे आणि राहील. पण टोकियोत मला भाषेचा एक शब्द नीट येत नव्हता तरी त्यांनी मला रांगेच्या शेवटी उभं केलं, पोरं माझ्या हातात दिली. इथं तर आम्हाला एकमेकांचं सगळं कळतं. त्या दिवशी अक्कांच्या नवऱ्याच्या शेतातल्या उसाचं, माझ्या कामाचं, पोरांच्या खोकल्याचं, सगळं बोलणं झालं.

सोमवारी फोटो न दाखवता टीचरना हे सगळं सांगितलं. मॅनेजमेंटला लेखी द्यायला आम्ही सहा पालकांनी एक अर्ज केलाय. त्यात मागितलंय ते एवढंच, की महिन्यातून एकदा पाचशे मीटरच्या आतली पायी फेरी ठेवा, आठवड्याचं पुढं बघू, रस्ता आधी टीचर आणि दोन पालकांनी चालून बघायचा, पाण्याजवळ जायचं नाही, प्रत्येक फेरीला पालकांची पाळी लावा आणि सगळ्या पालकांची लेखी परवानगी घ्या. पोरांचा विमा काढायचा खर्च पालक वाटून घेतील. सरकारी आणि अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्यानं पालकांची समिती तरी असते, खाजगी नर्सरीत पालकाला विचारायची कुठली जागाच नाही, म्हणून अर्ज. त्याची कॉपी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांनाही दिली, गेटापासून कोपऱ्यापर्यंतच्या फुटपाथवरच्या गाड्या हलवा म्हणून. अंगणवाडीच्या ताईंनाही मी भेटलो, त्या म्हणाल्या माणसं दिलीत तर मी उद्याच निघते.

उत्तर अजून आलेलं नाही. मामाचा मात्र परवा फोन आला. त्याचं म्हणणं असं की व्यापारी पूर्ण प्लॉट एकदम घेतो, मग मधेच दोन सऱ्या सोड म्हटलं तर तो ऐकत नाही, तेव्हा यंदा वेल लावतानाच मला आकडा पाहिजे. किती पोरं येणार ते पाऊस पडायच्या आधी सांग, तेवढ्या सऱ्या मी बांधाच्या कडेला वेगळ्या लावतो.